प्रमाण कथेबाहेरचे आकाश

‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘द ड्युएल’ या लघुपटाचे जग कृष्णधवल आहे. जुन्या फिल्मवर पडतात तसे चरे त्याच्या चित्रावर आहेत, खेडे सरंजामी काळातल्या जपानमधले वाटते, आणि नायकाच्या सोबतीला असलेल्या यंत्रमानवाच्या डोक्यावर गवताची टोपी आहे. रंग दिसतो तो केवळ दिव्यांच्या उजेडात, बंदुकांच्या झोतांत आणि लाइटसेबर या प्रकाशतलवारींच्या पात्यांत. गावाला लुटारूंनी वेढले आहे आणि त्यांची म्होरकी सिथ, म्हणजे या विश्वातल्या दुष्ट पंथाची योद्धी, आहे. तिच्याशी लढायला एक अनोळखी भटका पुढे येतो, तेव्हा प्रेक्षक त्याला जेडाय, म्हणजे सिथांशी लढणारा रक्षक योद्धा, समजतो. पण त्याने शस्त्र उपसताच त्याचेही पाते लालच, म्हणजे सिथांच्या रंगाचे, निघते. हा माणूस कोण, कोणत्या काळातला, मूळ चित्रपटांतील कोणत्या घराण्याशी त्याचे नाते आहे, यांतले काहीही लघुपट सांगत नाही. तो लढतो, जिंकतो, मेलेल्या सिथच्या लाइटसेबरमधला लाल स्फटिक काढून गावाच्या प्रमुखाच्या हाती ठेवतो आणि चालू लागतो. ‘स्टार वॉर्स’ या नावाखाली गेल्या कित्येक वर्षांत मी जे काही पाहिले, त्यात इतके थोडके बोलून इतके काही देणारे दुसरे मला आठवत नाही.

‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’ या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, मालिकेची सुरुवात या लघुपटाने झाली. २२ सप्टेंबर २०२१ रोजी तिचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात नऊ लघुपट होते आणि ते सात जपानी स्टुडिओंनी तयार केले होते. ‘स्टार वॉर्स’चे हक्क असलेल्या लुकासफिल्म या कंपनीने त्यांना मूळ विश्वातील शस्त्रे, याने, फोर्स ही अदृश्य शक्ती, जेडाय आणि सिथ ही सारी सामग्री वापरू दिली, आणि सोबत एक दुर्मीळ सवलत दिली. या कथा आधीच्या चित्रपटांशी जुळल्याच पाहिजेत, असे बंधन त्यांच्यावर नव्हते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर हे लघुपट ‘कॅनन’मध्ये, म्हणजे अधिकृत किंवा ‘प्रमाण’ कथाक्रमात, धरले जात नाहीत.

अनेक चाहत्यांना हीच गोष्ट खटकते. ज्या घटना ‘खरोखर’ घडलेल्याच नाहीत त्या पाहायच्या कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. मला तो क्षुल्लक वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी आपल्या काळाचा एक मोठा सार्वजनिक प्रश्न आहे: कोट्यवधी लोकांच्या मनात घर करून बसलेल्या कथेचे खरेखोटेपण कोणी ठरवायचे, आणि ती पुढे सांगण्याचा हक्क कोणाला असावा? माझे मत असे की ‘व्हिजन्स’मधले सर्वोत्तम काम प्रमाण कथेच्या बाहेर राहिल्यामुळेच शक्य झाले. लुकासफिल्मने ही मुभा अधूनमधून देण्याची कृपा म्हणून न पाहता कायमचे धोरण म्हणून स्वीकारावी, आणि ती एका देशापुरती ठेवू नये.

‘प्रमाण’ या शब्दाला चाहत्यांच्या चर्चांमध्ये जवळजवळ धार्मिक वजन आले आहे. प्रत्यक्षात तो एका कंपनीचा कारभारविषयक निर्णय असतो. डिस्नेने २०१२ साली सुमारे चार अब्ज डॉलर मोजून लुकासफिल्म विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की तोवर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळ यांतून वाढलेले विस्तारित विश्व यापुढे ‘लेजंड्स’ म्हणून ओळखले जाईल आणि नव्या चित्रपटांवर त्याचे बंधन राहणार नाही. वाचकांनी ज्या पात्रांसोबत दोन-दोन दशके काढली होती, ती एका निवेदनाने ‘न घडलेली’ ठरली. थ्रॉन हा सेनानी १९९१ सालच्या एका कादंबरीतून आला होता. तोही या निर्णयाने बाहेर गेला, आणि पुढे २०१६ मध्ये एका ॲनिमेशन मालिकेतून पुन्हा अधिकृत विश्वात दाखल झाला. मधल्या काळात पात्र बदलले नव्हते, त्याचे चाहते बदलले नव्हते, बदलला होता तो शिक्का. हे पाहिल्यानंतर शिक्क्यावरून कथेची किंमत करण्याची सवय आपण सोडायला हवी होती. झाले उलटेच, आणि आता आपण आणखी काटेकोरपणे शिक्का तपासू लागलो आहोत.

या विश्वाच्या जन्मकथेकडे पाहिले तर ही शिक्क्याची आस अधिकच विसंगत वाटते. १९७७ साली पहिला चित्रपट आला. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटाचे ऋण त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्वतः वारंवार मान्य केले आहे. मोठ्या लढाईची गोष्ट सेनापतीच्या नजरेतून न सांगता दोन भांडखोर, भित्र्या शेतकऱ्यांच्या नजरेतून सांगण्याची कुरोसावांची युक्ती लुकास यांनी उचलली आणि त्या शेतकऱ्यांच्या जागी दोन यंत्रमानव आणले. सामुराईंचे तलवारयुद्ध, खलनायक डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणाचा आकार, गुरू-शिष्याची रीत, या सगळ्यांत जपान आहे. ही उसनवारी लपवाछपवीची नव्हती आणि कृतघ्नपणाचीही नव्हती. कुरोसावांना जपानमध्ये ‘कागेमुशा’साठी पैसा उभा करणे अवघड झाले, तेव्हा लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी अमेरिकन कंपनीकडून मदत मिळवून दिली आणि १९८० साली तो चित्रपट पुरा झाला. १९९० साली कुरोसावांना सन्माननीय ऑस्कर देण्यात आले, तेव्हा ते देणाऱ्या दोघांत लुकास होते. स्वतः कुरोसावांनीही शेक्सपिअरच्या मॅकबेथला आणि लिअर राजाला जपानी किल्ल्यांत आणून बसवले होते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण लिअरचीच छाया पडलेल्या गणपतराव बेलवलकरांना आपण कधी परके मानले नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या देवघेवीतल्या दोन दिशा सारख्या नाहीत, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. लुकास यांनी कुरोसावांकडून जे घेतले ते दृष्टिकोन, मांडणी आणि वातावरण या स्वरूपाचे होते आणि त्यासाठी परवानगी लागत नव्हती. उलट एखाद्या जपानी दिग्दर्शकाला तेच वातावरण लाइटसेबरसह परत मागायचे झाले, तर त्याला कॅलिफोर्नियातील हक्कधारकाची संमती घ्यावी लागते. जपानमधून फुकट गेलेली वस्तू जपानला परवान्याने मिळते. ‘व्हिजन्स’च्या पहिल्या खंडाचे नैतिक महत्त्व मला इथे दिसते. चव्वेचाळीस वर्षांची म्हणता येईल अशी ही उधारी त्याने पुरती फेडली नाही, कारण या लघुपटांचे हक्कही अखेर लुकासफिल्मकडेच आहेत. पण ज्या परंपरेतून हे विश्व घडले, तिच्या वारसदारांना निदान त्यांच्या पद्धतीने बोलू दिले गेले, ही गोष्ट लहान नाही.

आणि ते काय बोलले, हे पाहण्यासारखे आहे. मुख्य चित्रमालिकेला एका प्रश्नाने सतत छळले आहे: फोर्स कोणाची? पहिल्या चित्रपटात ती सर्व सजीवांना वेढून असलेली शक्ती होती, म्हणजे तत्त्वतः सर्वांची होती. पुढे नायक हा खलनायकाचा मुलगा निघाला आणि गोष्ट एका घराण्याची झाली. १९९९ साली आलेल्या चित्रपटाने तर फोर्सला रक्ततपासणीत आणून ठेवले, कारण एका मुलाच्या रक्तातील सूक्ष्मजीवांची संख्या मोजून त्याचे थोरपण ठरवले गेले. २०१७ च्या चित्रपटात रे या नायिकेचे आईवडील कोणीही नव्हते असे सांगून दार पुन्हा किलकिले केले गेले, आणि २०१९ मध्ये ती सम्राटाचीच नात असल्याचे जाहीर करून ते लावून घेतले गेले. ज्या कथेचा सारा रोख जुलमी साम्राज्याविरुद्ध आहे, तिला सामान्य घरातील मुलगी पचू नये, याचे मला आजही वाईट वाटते. प्रमाण कथेचा भार म्हणजे नेमके हेच: मागच्या प्रत्येक चित्रपटाने टाकलेली गाठ पुढच्याला सोडवावी लागते, आणि प्रत्येक गाठ त्याच त्या घराण्याच्या दारात जाऊन पोचते.

आता सायन्स सारू या स्टुडिओचा ‘टी-झीरो-बी-वन’ पाहा. एका उजाड ग्रहावर एक म्हातारा प्राध्यापक आणि त्याने बनवलेला लहानगा यंत्रमानव राहतात. ओसामू तेझुका यांच्या ॲस्ट्रो बॉय या गाजलेल्या जपानी यंत्रमानव-मुलाची आठवण यावी असेच त्याचे रूप आहे. त्या पोराला जेडाय व्हायचे आहे. त्याच्या अंगात रक्तच नाही, त्यामुळे रक्त तपासून त्याला नाकारण्याचा किंवा निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कथेच्या शेवटी तो लाइटसेबर हाती घेतो, लढतो, आणि लढाईनंतर जे करतो ते मला सर्वांत भावले: गुरूचे अर्धे राहिलेले काम, म्हणजे तो ग्रह पुन्हा हिरवा करण्याचे काम, तो पुरे करतो. पंधरा मिनिटांच्या आत या लघुपटाने १९९९ चे ते उत्तर, वाद न घालता, निकालात काढले आहे. अधिकृत कथाक्रमात हे शक्य झाले असते का? तिथे आधी बैठका झाल्या असत्या की यंत्राला फोर्स वापरता येते असे एकदा मान्य केले तर बाकीच्या सर्व यंत्रमानवांचे काय करायचे.

प्रॉडक्शन आय. जी. या स्टुडिओसाठी केंजी कामियामा यांनी दिग्दर्शित केलेला ‘द नाइन्थ जेडाय’ हाच धागा वेगळ्या अंगाने नेतो. त्याची नायिका कारा ही राजकन्या नाही, लाइटसेबर घडवणाऱ्या कारागिराची मुलगी आहे. तिच्या बापाने घडवलेल्या शस्त्रांचे पाते धरणाऱ्याच्या अंतःकरणाप्रमाणे रंग घेते. जेडाय म्हणून जमलेल्या पाहुण्यांच्या हाती ती शस्त्रे पडतात आणि एकामागून एक पाती लाल होतात, तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो. इथे माणसाची पारख वंशाने होत नाही, ओळखपत्राने होत नाही, हत्यार हातात आल्यावर होते. शिवाय कारागीर हा कथेच्या मध्यभागी आला आहे. चाळीसहून अधिक वर्षे आपण ही शस्त्रे पाहत होतो, पण ती घडवण्याला आयुष्य देणारा माणूस कसा असेल, त्याच्या घरी काय बोलणे होत असेल, हा विचार पडद्यावर क्वचितच आला होता. तलवार घडवणाऱ्याला आदर देणाऱ्या संस्कृतीतून आलेल्या लेखकाला तो सहज सुचला.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. सातत्य ही केवळ कंपनीची सोय नसते, असे आक्षेपक म्हणतात. वाचक-प्रेक्षक एखाद्या विश्वात दीर्घकाळ राहतो तो तिथल्या घटनांना परिणाम असतात म्हणून. आज मेलेला उद्या जिवंत होणार असेल आणि एका कथेतील युद्ध दुसरीत घडलेलेच नसेल, तर कोणाच्या मरणाचे दुःख करायचे? यात तथ्य आहे. ट्रिगर या स्टुडिओच्या ‘द ट्विन्स’मध्ये भाऊ-बहीण उघड्या अंतराळात, यानाच्या पाठीवर उभे राहून, हवेशिवाय आरडाओरडा करत लढतात, तेव्हा नियमच उरले नाहीत अशी तक्रार करणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. त्या लघुपटाची रेषा आणि रंग यांचे कौतुक असूनही त्याच्या शेवटाने मला हलवले नाही. तसेच रॉक बँडची गोष्ट सांगणारा ‘टॅटूइन रॅप्सडी’ मला या खंडातील सर्वांत कच्चा वाटतो. त्याने नवा सूर लावला, पण जुन्या ओळखीच्या पात्रांच्या आधाराशिवाय त्याला उभे राहता आले नाही.

पण या उणिवा स्वातंत्र्याच्या आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. लेखन कमकुवत झाले की कथा पडते, मग ती अधिकृत असो वा नसो. परिणामांचे म्हणाल, तर नऊही लघुपटांत सर्वांत भीषण परिणाम असलेला शेवट ‘आकाकिरी’चा आहे. जुन्या प्रेमासाठी परत आलेला जेडाय तिचा जीव वाचवण्यासाठी फोर्सच्या काळ्या बाजूचा सौदा मान्य करतो आणि शत्रूमागे चालू लागतो. त्या विनाशाला पुढचा भाग नाही, सुटका नाही, तीन वर्षांनी येणाऱ्या चित्रपटात पश्चात्तापाची सोय नाही. पुढच्या भागाची जबाबदारी नसलेला लेखकच इतका निष्ठुर शेवट करू शकतो. प्रमाण कथेत परिणाम असतात हे खरे, पण पुढचे चित्रपट, खेळणी आणि मालिका आधीच ठरलेल्या असल्यामुळे तिथे खरे अपरिवर्तनीय नुकसान होऊ देणे परवडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून लांब चालणाऱ्या विश्वांना दोन्हींची गरज आहे. कीर्तनकाराने आख्यान रंगवताना मूळ पोथीत नसलेला प्रसंग घातला तर श्रोता पोथी उघडून बसत नाही. तो प्रसंग त्या पात्राला शोभतो की नाही, एवढेच पाहतो. हाच निकष इथेही पुरेसा आहे.

दुसरा खंड ४ मे २०२३ रोजी आला आणि त्याने प्रश्नाची व्याप्तीच वाढवली. या वेळी नऊ स्टुडिओ जगभरातून निवडले होते. स्पेन, आयर्लंड, चिली, ब्रिटन, दक्षिण कोरिया, फ्रान्स, भारत, जपान आणि दक्षिण आफ्रिका इथली मंडळी त्यात होती. हा खंड आता काटेकोर अर्थाने ॲनिमे राहिला नाही, आणि त्याने काही बिघडले असे मला वाटत नाही. आयर्लंडच्या स्टुडिओने गुहेतल्या किंचाळणाऱ्या भुताची लोककथा आणली. चिलीच्या लघुपटात साम्राज्याने पाणी नासवलेल्या ग्रहावर आपल्या लोकांतल्या शेवटच्या उरलेल्या दोन बहिणी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या लघुपटात खाणीतल्या स्फटिकांवर एका मुलीच्या गाण्याचा परिणाम होतो, आणि जोहान्सबर्गच्या खाणी ठाऊक असलेल्याला ती खाण निव्वळ कल्पनेतली वाटणार नाही. ‘साम्राज्य’ हा शब्द कॅलिफोर्नियात एक अर्थ घेऊन येतो आणि ज्या देशांनी साम्राज्य अंगावर झेलले तिथे दुसरा. मूळ चित्रपटांतला साम्राज्यविरोध इतका अंगाशी भिडलेला मी इथेच पाहिला.

भारतातर्फे या खंडात मुंबईचा एटीएट पिक्चर्स हा स्टुडिओ होता. दिग्दर्शन इशान शुक्ला यांचे. त्यांच्या ‘द बँडिट्स ऑफ गोलक’मध्ये साम्राज्याच्या तावडीतून पळणारे भाऊ-बहीण आगगाडीने प्रवास करतात, एका ढाब्यावर उतरतात, आणि त्या ढाब्याची वयस्क मालकीण कोण आहे हे वेळ आल्यावर कळते. गाडीची गर्दी, जेवणाचे ताट, मसाल्यांचा उल्लेख आणि पार्श्वभूमीचे संगीत हे सगळे आपल्या ओळखीचे आहे, तरी विश्व त्याच दूरच्या दीर्घिकेतले राहते. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर इथल्या हजारो कलाकारांनी वर्षानुवर्षे परदेशी चित्रपट-मालिकांसाठी काम केले आहे. बाहेरून आलेल्या आराखड्यानुसार पात्रे हलवायची, प्रकाश द्यायचा, चौकटी स्वच्छ करायच्या, आणि नाव आलेच तर श्रेयनामावलीच्या शेवटच्या टोकाला. कौशल्य आपले, कल्पना दुसऱ्याची, अशी ही विभागणी पक्की झाली आहे. त्या विभागणीला या एका लघुपटाने छेद दिला: इथे गोष्ट, दिग्दर्शन आणि दृश्यकल्पना याच मातीतल्या होत्या. म्हणूनच तो निव्वळ ‘भारतीय रंग’ भरलेला लघुपट म्हणून कौतुक करून सोडून देणे मला मान्य नाही. संधी मिळाली तर काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

प्रमाणाचा आग्रह आपण स्वतः कसा धरतो, हेही या निमित्ताने आठवावे. युगो साको या जपानी निर्माता-दिग्दर्शकाने रामायणावर ॲनिमे चित्रपट करायचे ठरवले, तेव्हा भारतात विरोध झाला. परक्याने आपली पवित्र कथा, तीही व्यंगचित्रांच्या रूपात, सांगू नये, असा त्यामागचा सूर होता. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेशनच्या अध्वर्यूंनी साको यांना साथ दिली, चित्रपट प्रामुख्याने जपानमध्ये तयार झाला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला. आज तो अनेकांच्या बालपणाचा भाग आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा लोक मुलाबाळांना घेऊन गेले. धर्मकथा आणि अंतराळकथा यांची मी बरोबरी करत नाही. पण ‘ही कथा आमची आहे, ती तुम्ही सांगू नका’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच आहे, आणि दोन्हीकडे परक्या हातांनी केलेल्या प्रामाणिक कामाने त्याला उत्तर दिले आहे.

तिसरा खंड ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आणि लुकासफिल्म पुन्हा केवळ जपानी स्टुडिओंकडे वळली. त्यात ‘द ड्युएल’, ‘द नाइन्थ जेडाय’ आणि ‘द व्हिलेज ब्राइड’ या पहिल्या खंडातील कथांचे पुढचे भाग आहेत, आणि कारावर स्वतंत्र मालिकाही जाहीर झाली आहे. कारा मला पुन्हा भेटणार याचा आनंद आहे, पण दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली अशी की पुढचे भाग, मग मालिका, मग त्या मालिकेचा स्वतःचा कथाक्रम, या वाटेने बाहेरचे आकाशही हळूहळू आतले होते. जिचे थोरपण एका रात्रीच्या कथेत होते ती नायिका पुन्हा एका वंशावळीची सुरुवात ठरू नये, याची जपणूक लेखकांनी करावी. दुसरी काळजी मला अधिक टोचते. दुसऱ्या खंडातील एकाही कथेला पुढचा भाग मिळालेला नाही. जपानी ॲनिमेला जगभर मोठी बाजारपेठ आहे, हे मला कळते. पण मुंबई, केप टाउन किंवा सँटियागो यांना एकदा बोलावून ‘विविधता’ साधली असे समजायचे आणि दीर्घ कामाची वेळ आली की सवयीच्या दाराकडे परतायचे, हा न्याय नाही. लुकासफिल्मने चौथा खंड करायचा ठरवला तर तो या स्टुडिओंकडे घेऊन जावा, आणि या वेळी पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ, पुढचे भाग करण्याची मुभा आणि निर्माण झालेल्या पात्रांच्या उत्पन्नात वाटा, या तिन्ही गोष्टी करारात लिहून द्याव्यात. गोलकच्या ढाब्यावर त्या रात्रीनंतर काय झाले, हे सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ते सांगणारी माणसे मुंबईत आहेत.